मुलांना गुलामगिरीची गोष्ट सांगतांना

लहान मुलांना जगांतील कोणतें दुःख सांगावें आणि कोणतें त्यांच्यापासून झांकून ठेवावें, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. मूल मरणाविषयीं विचारतें, दारिद्र्याविषयीं विचारतें, आणि आपण त्याच्या बुद्धीला पेलेल असें कांहीं तरी उत्तर शोधून काढतों. परंतु माणसांनीं माणसांना बाजारांत उभें करून विकलें, ही गोष्ट निघाली कीं वडील मंडळी बहुधा थबकतात. मृत्यु हा दैवाचा भाग म्हणून सांगतां येतो. गुलामगिरी ही माणसाची करणी आहे, आणि ती सांगतांना सांगणाराला साऱ्या मनुष्यजातीचा हिशेब द्यावा लागतो. अलीकडे या विषयावर लहान मुलांसाठीं सचित्र पुस्तकें निघूं लागलीं आहेत. अमेरिकेंत तर तीं बरींच निघालीं आहेत. पांच-सात वर्षांच्या मुलाच्या हातीं असें पुस्तक द्यावें कीं न द्यावें, आणि द्यावयाचें तर त्यांत काय असावें, याचा विचार आपणही केला पाहिजे.

हा प्रश्न परदेशचा, आपला त्याशीं संबंध काय, असें कोणीं समजूं नये. छत्रपती संभाजीनगर येथील क्रांती चौकांतून कितीएक मुलें रोज शाळेला जातात. चौकांत शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. २०२२ सालीं तो नव्या, भव्य स्वरूपांत उभा राहिला. १८५७ च्या उठावांत सामील झालेल्या येथील शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्यापाशीं देहान्त शासन झालें, तो याच परिसरांतला. तेव्हां या ठिकाणीं उभें राहून मुलानें 'क्रांति म्हणजे काय?' असें विचारलें, तर उत्तर देण्याची सामग्री भरपूर आहे. राज्य, परकी सत्ता, स्वातंत्र्य हे शब्द त्याच्या कानांवरून गेलेलेच असतात. परंतु त्याच मुलानें पुढें 'हें शहर कोणीं वसविलें?' असें विचारलें, तर खरें उत्तर असें आहे कीं, लहानपणीं बाजारांत विकल्या गेलेल्या एका मुलानें तें मोठेपणीं वसविलें.

मलिक अंबर हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मला. त्याचें मूळचें नांव चापू असें सांगतात. लहानपणींच तो गुलाम झाला आणि एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्यानें त्याला शिकविलें आणि अंबर हें नवें नांव दिलें. अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. १६०० सालीं अहमदनगरचा किल्ला मोंगलांनीं घेतल्यावर कोसळूं लागलेली निजामशाही त्यानें सावरून धरली. १६१० सालीं खडकी या गांवीं त्यानें नवें शहर वसविलें आणि डोंगराकडचें पाणी नहरींतून त्यांत आणलें. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. १६२६ सालीं तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्या मागून शहराचें नांव फत्तेनगर झालें, पुढें औरंगाबाद झालें, आणि आतां छत्रपती संभाजीनगर झालें आहे. पण नांव कोणतेंही असो, पहिला पाया घालणारा बदलत नाहीं.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत गुलामगिरीची ओळख मुलांना होते ती बहुधा एका चांगल्या पुस्तकामुळें. वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' हें १९८१ सालीं निघालें, आणि तेव्हांपासून किती मराठी मुलांनीं तें वाचलें असेल याची गणती नाहीं. गुलाम आईच्या पोटीं जन्मलेल्या, तान्हेपणीं तिच्यासह पळविल्या गेलेल्या आणि एका घोड्याच्या मोबदल्यांत परत मिळालेल्या मुलाची ती कथा वाचून आपण हळहळलों. हळहळलों, आणि मनाशीं म्हटलें कीं तिकडे अमेरिकेंत असें होत असे. जो मुलगा मिसूरी प्रांतांतील कार्व्हरसाठीं रडतो, त्याला आपल्याच गांवच्या नहरीचा कर्ता कोण होता हें ठाऊक नसतें. दूरच्या अन्यायाबद्दल हळहळण्यास कांहीं खर्च पडत नाहीं. म्हणून मुलाला गुलामगिरी सांगावयाची तर ती त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून सांगावी, हें पहिलें सूत्र मला योग्य वाटतें.

यावर मुख्य आक्षेप येतो तो बालमनाच्या कोंवळेपणाचा. इतक्या लहान वयांत असलें क्रौर्य दाखविलें तर मूल भेदरून जाईल, जगावरचा त्याचा विश्वास उडेल, असें पुष्कळ समंजस आया म्हणतात. आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण आपल्याकडे मुलांना आजवर काय सांगत आले तें पाहूं. हरिश्चंद्राची गोष्ट आजीच्या मांडीवर बसून ऐकली नाहीं, असें मूल महाराष्ट्रांत पूर्वीं विरळाच. त्या गोष्टींत राजा काशीच्या बाजारांत बायको विकतो, रोहिदासाला विकतो, आणि स्वतःही डोंबाच्या घरीं विकला जातो. विनतेची गोष्टही तशीच. पैजेंत हरून ती सवतीची दासी होते, आणि आईला सोडविण्यासाठीं गरुड अमृत आणावयास निघतो. हीं मुलें भेदरलीं नाहींत. उलट रोहिदास पुन्हां उठून बसतो तेथवर गोष्ट आल्याखेरीज तीं झोंपत नसत.

दुःख मुलाला सोसतें. मात्र त्या दुःखाला कांहीं अर्थ आहे, कोणी तरी त्याच्याशीं झगडतो आहे, हें त्याला दिसावें लागतें. तेव्हां हरिश्चंद्राच्या गोष्टींत उणें आहे तें कोंवळेपणाच्या विचाराचें नव्हे, दुसऱ्याच एका गोष्टीचें. राजानें सत्य पाळलें हें आपण सांगतों. पण काशींत माणसांचा बाजार भरत होता आणि तेथून जाणारे-येणारे त्याकडे स्वस्थ पाहत होते, याबद्दल आजी कांहीं बोलत नाहीं आणि नातूही विचारत नाहीं. रोहिदासाला काय वाटलें असेल, हें तर कोणाच्या मनांतही येत नाहीं. मुलाला गुलामगिरी शिकवावयाची म्हणजे नवें भय त्याच्या मनांत घालावयाचें नाहीं. ऐकलेल्या गोष्टींतला न विचारलेला प्रश्न त्याला विचारूं द्यावयाचा आहे.

आतां चित्रांकडे वळूं. शब्द पुष्कळ गोष्टी मोघम ठेवूं शकतो. 'दासी दळीत होती' एवढें लिहून लेखक सुटतो. चित्रकाराला तशी सवड नाहीं. ती दासी तरुण कीं म्हातारी, अंगावर धडका कीं फाटका कपडा, आणि मुख्य म्हणजे चेहरा कसा, हें त्याला ठरवावेंच लागतें. लहान मूल वाचण्यापूर्वीं पाहतें, आणि चेहऱ्यावर जें दिसेल तें खरें मानतें. म्हणून चित्रपुस्तकांतला खोटेपणा अक्षरांतल्या खोटेपणापेक्षां खोल जातो.

याचें एक बोलकें उदाहरण अमेरिकेंत घडलें. तेथील पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा हर्क्युलीस नांवाचा गुलाम आचारी होता. तो आणि त्याची मुलगी धन्याच्या वाढदिवसासाठीं केक करीत आहेत, असें एक रंगीत पुस्तक २०१६ च्या जानेवारींत निघालें. चित्रांतील गुलाम आनंदानें हंसत होते. वाचकांनीं इतका निषेध केला कीं प्रकाशकांनीं थोड्याच दिवसांत पुस्तक मागें घेतलें. पुस्तक करणारांचा हेतु वाईट नव्हता. एका कसबी माणसाला आपल्या कसबाचा अभिमान असतो, हें त्यांना दाखवावयाचें होतें, आणि तें खरेंही आहे. पण खरा हर्क्युलीस १७९७ सालीं २२ फेब्रुवारीस, म्हणजे नेमक्या धन्याच्या वाढदिवशींच, पळून गेला. त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं तेथें एक फ्रेंच राजपुत्र पाहुणा म्हणून आला. बाप आतां दिसणार नाहीं याचें तुला वाईट वाटत असेल, असें त्याच्या चाकरानें हर्क्युलीसच्या सहा वर्षांच्या मुलीला म्हटलें. ती म्हणाली कीं मला तर आनंद वाटतो, कारण बाबा आतां मोकळे झाले आहेत.

सहा वर्षांची मुलगी ही! जें आपल्या सहा वर्षांच्या मुलाला कळणार नाहीं असें आपण म्हणतों, तें तिला पुरतें कळलें होतें. गुलामगिरी सोसावयास वयाची अट नव्हती. ती ऐकावयास मात्र आपण अट घालतों. आणि हेंही लक्षांत घ्यावें कीं, त्या मुलीचा आनंद आणि त्या पुस्तकांतील हंसू यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. एक स्वातंत्र्याचा आनंद आहे, दुसरें दास्याच्या समाधानाचें सोंग आहे. गुलामाच्या चेहऱ्यावर हंसू काढूंच नये असें नाहीं. तें कशाचें हंसू हें चित्रकाराला ठाऊक पाहिजे.

मलिक अंबराच्या बाबतींत तर चित्रांचा हा भेद चारशें वर्षांमागेंच दिसून येतो. जहांगीर बादशहाला अंबर कधींच हातीं लागला नाहीं. तेव्हां अबुल हसन या त्याच्या चित्रकारानें एक चित्र काढलें. त्यांत बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून, भाल्याच्या टोकावर खोंचलेल्या अंबराच्या तुटक्या मस्तकाला बाण मारीत आहे. रणांत जें जमलें नाहीं तें कागदावर उरकून घेतलें. त्याच काळांतील हाशिम या चित्रकाराच्या हातचें अंबराचें दुसरें एक चित्र आहे. त्यांत साध्या पांढऱ्या वस्त्रांतला, वयस्क, खंबीर असा एक पुरुष उभा आहे. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून मुलाला विचारावें, 'यांतलें कोणतें माणसाचें आहे?' मूल चुकणार नाहीं. चित्र कोण काढतो आणि कोणासाठीं काढतो, हा मोठ्या विद्वानांचा प्रश्न सात वर्षांच्या मुलालाही अशा रीतीनें शिकवितां येतो.

मात्र अंबराची गोष्ट सांगण्यांत एक मोठा धोका आहे, आणि या साऱ्या विषयांतील खरी अडचण तेथेंच आहे असें मला वाटतें. ती गोष्ट फार गोड शेवटाची आहे. गुलाम होता, बुद्धिमान होता, कष्टाळू होता, म्हणून सरदार झाला, राज्याचा आधार झाला. आपल्या मध्यमवर्गाला असल्या गोष्टी मनापासून आवडतात, कारण अभ्यास कर म्हणजे मोठा होशील हें आपलें घरगुती तत्त्वज्ञान त्यांतून आपोआप सिद्ध होतें. कार्व्हरची कथाही आपण पुष्कळदां त्याच हेतूनें मुलांच्या हातीं देतों. परंतु अशा सांगण्यांतून मुलाच्या मनांत नकळत दोन गैरसमज रुजतात. एक असा कीं, गुलामगिरी ही एक कठीण परीक्षा होती आणि हुशार मुलें तींत उत्तीर्ण होत. दुसरा असा कीं, जे उत्तीर्ण झाले नाहींत त्यांच्यांतच कांहीं उणें असेल.

ज्या बाजारांत चापू विकला गेला, त्याच बाजारांत त्याच्या आगेंमागें कितीएक मुलें विकलीं गेलीं असतील. त्यांनीं शहर वसविलें नाहीं, लढाया जिंकल्या नाहींत. त्यांच्या कबरींची जागा कोणास ठाऊक नाहीं. त्यांच्यावर झालेला अन्याय अंबरावरच्या अन्यायाहून तिळभरही कमी नाहीं. माणूस विकण्याजोगी वस्तु नाहीं, याचें कारण तो पुढें मोठा होऊं शकतो हें नव्हे. तो माणूस आहे, एवढेंच कारण पुरेसें आहे. अंबराच्या कर्तृत्वानें गुलामगिरी वाईट ठरली नाहीं. तो अगदीं सामान्य निघाला असता तरी ती तितकीच वाईट ठरली असती. मुलाला शिकवावयाचें तत्त्व हें आहे.

म्हणूनच एका पुस्तकानें हें काम भागत नाहीं. नाना तऱ्हांचीं पुस्तकें लागतात. मोठा झालेल्याची कथा असावी, तशीच केवळ सुटलेल्याची असावी, आणि कधींच न सुटलेल्याचीही असावी. हेन्री ब्राऊन नांवाच्या गुलामाची बायको-मुलें विकलीं गेल्यावर १८४९ सालीं त्यानें स्वतःला एका लांकडी पेटींत बंद करून घेतलें आणि टपालाच्या मालासारखें रिचमंडहून फिलाडेल्फियास पाठविलें. त्याच्यावर २००७ सालीं निघालेल्या पुस्तकाचीं चित्रें कदीर नेल्सन यांनीं काढलीं आहेत. हेन्री पुढें राजा झाला नाहीं, सेनापति झाला नाहीं. पेटींतून जिवंत बाहेर आला, हाच त्याचा विजय. न्यू ऑर्लिन्सचे गुलाम आठवडाभर राबून रविवारीं दुपारीं काँगो स्क्वेअर या मैदानांत नाचावयास-वाजवावयास जमत. त्यांच्यावरही २०१६ सालीं एक चित्रपुस्तक निघालें. त्यांतील माणसें सुटत नाहींत, पण त्यांचें गाणें त्यांचें स्वतःचें असतें, धन्यासाठीं नसतें. तिन्ही तऱ्हा पाहिलेल्या मुलाला 'गुलाम' या शब्दासरशी एकच चेहरा आठवत नाहीं. अनेक माणसें आठवतात.

आणि चौथ्या तऱ्हेचें पुस्तक आपलें आपणच लिहावयास हवें. मराठी राज्यांत गुलाम होते. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींचे उल्लेख ठिकठिकाणीं येतात. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, त्यांची किंमत नोंदली जाई, आणि त्यांचीं मुलेंही धन्याचींच समजलीं जात. बदकर्माचा आरोप ठेवून बाईला बटीक केल्याचेही दाखले आहेत. दळणकांडण, पागा, कोठी अशा ठिकाणीं त्या राबत. आपल्या वाड्यांच्या, समारंभांच्या, पंक्तींच्या वर्णनांत त्या जात्याचा आवाज कोठें ऐकूं येत नाहीं. जात्यावर बसलेल्या कुणबिणीचें एक चित्र एखाद्या मराठी चित्रकारानें काढावें. तिच्याजवळ तिचें मूल असावें, आणि पान उलटल्यावर तें मूल तेथें नसावें. याहून अधिक क्रौर्य दाखविण्याचें कारण नाहीं. चाबूक आणि रक्त यांची गरज मुलाला नसते. आईजवळची रिकामी जागा त्याला पुरे होते.

येथें कोणी म्हणेल कीं, हें आपल्याच घरचें उणें मुलासमोर कशाला काढावें? पण आपल्या घरचें भूषणही याच कथेंत आहे. १६७७ सालीं कर्नाटकच्या स्वारींत शिवछत्रपतींनीं डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यांत पूर्वीच्या अमलांत चालत असलेली स्त्री-पुरुषांची खरेदी-विक्री आपल्या मुलखांत यापुढें चालणार नाहीं असें स्पष्ट बजावलें. ज्यांच्या पुतळ्याखालून मुलें रोज जातात, त्यांचा हा निर्णय किती शाळांत सांगितला जातो? तो सांगावाच, पण त्यानंतरच्या शतकांत त्यांच्याच नांवानें चालणाऱ्या राज्यांत कुणबिणी विकल्या गेल्या, हें झांकण्यासाठीं सांगूं नये. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या म्हणजेच मुलाला कळतें कीं न्याय हा रक्तांतून आपोआप उतरत नाहीं. प्रत्येक पिढीला तो नव्यानें करावा लागतो. जोतिराव फुले यांनीं १८७३ सालीं आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हें नांव दिलें, आणि अमेरिकेंतील निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. मिसूरींतला कार्व्हर त्या वेळीं नऊ-दहा वर्षांचा असेल. तिकडचें दुःख आणि इकडचें दुःख यांमधला धागा पुण्यांत बसून त्यांनीं तेव्हांच ओळखला होता.

सर्व कांहीं एकदम सांगावें असें मात्र माझें म्हणणें नाहीं. पांचव्या वर्षीं एवढें पुरे कीं चापू नांवाचा मुलगा होता, त्याला आई होती, आणि त्याला घरापासून तोडून विकलें; हें वाईट झालें. नांव आणि आई हीं आधीं यावींत, 'गुलाम' हा शब्द मागून यावा; नाहीं तर मूल समजतें कीं गुलाम ही माणसांची एक निराळीच जात असते. आठव्या वर्षीं त्यानें विचारावें कीं विकलें कोणीं, घेतलें कोणीं, आणि पाहणारे गप्प कां बसले. बाराव्या वर्षीं त्याला हेंही सांगावें कीं मोठेपणीं अंबराच्या फौजेंतही विकत घेतलेले हबशी होते. ज्यानें सोसलें तोच पुढें घेणारा कसा झाला, या प्रश्नाचें उत्तर आपल्यापाशीं तयार नसलें तरी चालेल. मुलानें तो प्रश्न मनांत बाळगून मोठें व्हावें, हेंच शिक्षण.

राहतां राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो मूल हटकून विचारतें: 'आतां असें होत नाहीं ना?' हिंदुस्थानांत १८४३ च्या कायद्यानें गुलामीला न्यायालयांत मिळणारी मान्यता काढून घेतली, १८६० च्या दंडसंहितेनें माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली, १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द केली. हें सांगून 'नाहीं' म्हणण्याचा मोह होतो. पण दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून ऊसतोडीला निघणारीं बिऱ्हाडें मुलानें रस्त्यावर पाहिलेलीं असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोंचा कोयता बांधलेला असतो, आणि त्यांचें मूल शाळा सोडून फडावर जातें. याला गुलामगिरी म्हणावें असें मी म्हणत नाहीं. शब्द जपून वापरावे. पण मूलच जर म्हणालें कीं त्या मुलाला आमच्या वर्गांत कां बसतां येत नाहीं, तर त्याला गप्प बसवूं नये.

गुलामगिरीचीं पुस्तकें मुलांना द्यावयाचीं तीं त्यांना रडविण्यासाठीं नव्हेत, आणि आपण किती सुदैवी याची जाणीव देण्यासाठींही नव्हेत. काशीच्या त्या बाजारांतून स्वस्थपणें जाणाऱ्या लोकांत आपलें मूल उद्यां असूं नये, एवढ्याचसाठीं तीं द्यावयाचीं. त्यासाठीं मुलाच्या मनाची तयारी लागते, हें खरें. पण तें विचारील त्याला खरें उत्तर देण्याची वडिलांची तयारी त्याहून अगोदर लागते.